शुक्रवार रात्रीचा आवाज: शर्यतीचं वेड तुम्हाला कशानं लागलं?

चिखल्या

मंडळी, हा विषय इथे किती जणांच्या जवळचा असेल, शंकाच आहे. पण गेला आठवडाभर डोक्यातून जात नाहीये (कारण नंतर सांगतो), म्हणून धागा काढतोय.

माझी चौथी सदाशिव पेठेत झाली आणि पाचवी पेनसिल्व्हेनियात. साल १९८६. बाबांना हॅरिसबर्गजवळ नोकरी लागली आणि आम्ही मेकॅनिक्सबर्ग नावाच्या गावात भाड्याचं घर घेतलं. मालवाहू घोडागाड्या दुरुस्त करणारे कारागीर पूर्वी तिथे राहायचे, त्यावरून गावाचं नाव. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि रात्री कसलाही आवाज नसतो.

पहिल्या शुक्रवारी रात्री वरणभात खात होतो आणि लांबून काहीतरी सुरू झालं. पत्र्याच्या पिंपात गांधीलमाश्या कोंडल्यासारखं. वाऱ्यावर वाढायचं, विरायचं, मध्येच एकदम बंद. आई म्हणाली, झाडं कापत असतील. बाबा म्हणाले, रात्री नऊ वाजता कोण झाडं कापतं? दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी शेजारच्या आजोबांना विचारलं. ते इनोलाच्या रेल्वे यार्डातून निवृत्त झालेले. ते हसले, आत जाऊन टोपी घेऊन आले आणि आम्हा तिघांना गाडीत घालून विल्यम्स ग्रोव्ह स्पीडवेला घेऊन गेले.

अर्ध्या मैलाचा मातीचा गोल ट्रॅक, १९३९ पासूनचा. इथे स्प्रिंट कार धावतात, म्हणजे मातीवरच्या शर्यतीसाठीच बनवलेल्या, डोक्यावर पंख असलेल्या छोट्या गाड्या. वळणाजवळची खालची रांग चक्क रिकामी होती. नाटकाला पहिली रांग मिळाल्याच्या आनंदात आई तिथे जाऊन बसली. अंगात नवा पांढरा स्वेटर, मांडीवर चिवड्याचा डबा, पायाशी थर्मास. मागचे लोक आमच्याकडे बघून गालात हसत होते. आजोबा काहीतरी सांगत होते, पण बाबांना त्यांचे उच्चार कळेनात. हिरवं निशाण पडलं, चोवीस गाड्या आडव्या होत वळणात शिरल्या आणि दुसऱ्या सेकंदाला ओल्या मातीचा मारा. ढेकळं, शब्दशः ढेकळं. स्वेटर गेला. चष्मे गेले. चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडं होतं.

आई रडेल असं वाटलं होतं, पण ती हसत सुटली. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा.

तर प्रश्न असा: तुम्हाला शर्यतीचं वेड लागलं ते नेमकं कशानं? आवाजानं, वासानं, की कुणा माणसामुळे? स्प्रिंट कारच पाहिजे असं नाही. रॅली, मोटोक्रॉस, बैलगाडा, काहीही चालेल. फक्त लहानपणचं सांगा.

कडक चहा

चिवड्यात माती! हसून हसून पुरेवाट. पण पुढे चिवड्याचं काय झालं?

ऋजुता

छान लिहिलंय. पण स्प्रिंट कार म्हणजे फॉर्म्युला वनसारखीच ना? अज्ञानाबद्दल क्षमस्व.

प्रतिनाना

कृपया हलके घ्या, पण प्रश्न प्रामाणिक आहे. अर्ध्या मैलाच्या गोलात भिरभिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. आमच्या गावच्या तेल्याचा बैल हेच करायचा. त्याला कुणी तिकीट लावलं नाही, आणि शेवटी निदान तेल तरी निघायचं.

टॉर्कवाला

ऋजुता, फॉर्म्युला वन म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. हा चुलीवरचा रस्सा.

मापं ऐका. ४१० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, म्हणजे ६.७ लिटर. ताकद ९०० अश्वशक्तीच्या आसपास. वजन साधारण साडेसहाशे किलो, म्हणजे आपली जुनी मारुती ८०० होती तेवढंच. मारुतीची ताकद ३७ होती. बाकी हिशोब तुम्ही करा.

इंधन मिथेनॉल. गाडीत बॅटरी नाही, स्टार्टर नाही, क्लच नाही. मागून ट्रक ढकलतो तेव्हा इंजिन सुरू होतं, आपण थंडीत स्कूटर ढकलून चालू करायचो तसं. डोक्यावर ५ फूट बाय ५ फुटांचा पंख. तो विमानाच्या पंखाच्या उलटा, गाडीला जमिनीवर दाबणारा. ड्रायव्हर आत बसल्या बसल्या हा पंख मागेपुढे सरकवू शकतो.

नाना, मजा गोल फिरण्यात नाही, वळण्यात आहे. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं आणि दोन्ही एकाच कडक आसावर. त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे ओढते. त्यात ९०० घोडे मागची बाजू बाहेर फेकतात. म्हणून ड्रायव्हर डावीकडे वळताना स्टिअरिंग उजवीकडे धरून असतो. तेल्याच्या बैलाला हे जमेल?

प्रतिनाना

बैलाला अक्कल असते, तो असल्या भानगडीत पडत नाही.

घाटाचा राजा

बैलाचं नाव निघालं म्हणून आलो. गाव खेड तालुक्यात. आमच्याकडं गोल नाही, सरळ घाट, म्हणजे बैलगाड्याची धावपट्टी. चार बैल, पुढं घोडी, आणि गाड्यावर माणूस नाही. सुटला की सुटला, निकाल सेकंदावर. बारी, म्हणजे गाड्याची धाव, चांगली झाली की निवेदक माइकवर ‘भिर्रर्र’ करतो ते तीन शिवारं पलीकडं ऐकू जातं.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: मला वेड लागलं त्या निवेदकामुळं. मी सहा वर्षांचा, आज्याच्या खांद्यावर. बैल मला धुळीत दिसलेच नाहीत. पण तो माणूस मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलाचं नाव, बैलाच्या बापाचं नाव एका दमात घ्यायचा. आमच्या आज्याचं नाव त्यानं माइकवर घेतलं, तेव्हा खांद्याखालचं म्हातारं थरथरलं ते मला मांडीला जाणवलं. त्या वर्षी आमची बारी काही खास झाली नव्हती, तरी आज्या आठवडाभर ताठ चालत होता.

२०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत आमच्या घाटात गवत वाढलं होतं. आज्या २०१८ ला गेला, त्याला नंतरचं काही बघायला मिळालं नाही.

ऋजुता

बैलांना जो त्रास होतो त्याचं काय? बंदी उगाच नव्हती आली.

घाटाचा राजा

ताई, जो मारतो त्याला धरा, आमची ना नाही. नियमात आता काठी-चाबूक चालत नाही. पण आमच्या घरात पहिली भाकरी बैलाला जायची. यावर वेगळा धागा काढा, तिथं भांडू.

चिखल्या

घाटाचा राजा, मांडीला जाणवलेली थरथर. वाचून थांबलो जरा.

चहासाहेब, चिवडा: आईनं झाकण लावलं तोवर उशीर झाला होता. शेजारच्या आजोबांनी हात घालून मूठभर घेतला, फुंकर मारली आणि खाल्ला. दाताखाली कचकच ऐकू येत होती. पुढे प्रत्येक शुक्रवारी आई त्यांच्यासाठी वेगळा डबा करायची, आणि आम्ही सगळ्यात वरच्या रांगेत बसायचो.

टॉर्कवाला, स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडे, हे कोडं मला दोन वर्षं सुटत नव्हतं. सायकलवर तसं करायला गेलो आणि गुडघा फोडून घेतला. खूण अजून आहे.

आता माझं उत्तर. आवाज होताच, पण वेड पक्कं झालं ते एका शब्दानं.

तेव्हा देशभर फिरणारी एक टोळी होती, अजून आहे: वर्ल्ड ऑफ आउटलॉज. टेड जॉन्सन नावाच्या माणसानं १९७८ मध्ये सुरू केलेली मालिका. आउटलॉ म्हणजे दरोडेखोर. ही मंडळी गावोगाव जाऊन तिथल्या स्थानिकांना हरवून बक्षिसं घेऊन जायची. त्यांचा राजा स्टीव्ह किन्सर, इंडियानाचा, ११ नंबरची गाडी. पुढे त्याची २० अजिंक्यपदं झाली. आणि दरोडेखोरांचा पाठलाग करायला गावकऱ्यांचा जो जथा निघतो त्याला म्हणतात पॉसी. म्हणून आमच्या भागातले ड्रायव्हर म्हणजे पेनसिल्व्हेनिया पॉसी. शुक्रवारी विल्यम्स ग्रोव्ह, शनिवारी लिंकन किंवा पोर्ट रॉयल, असे वर्षभर त्याच मातीत लोळलेले. आउटलॉ आले की पार्किंग दुपारीच भरायचं.

शाळेत मी ‘तो इंडियन मुलगा’ होतो. कुठला इंडियन, पिसांचा की टिळ्याचा, हेही लोक विचारायचे. १९८७ च्या उन्हाळ्यात आउटलॉ आले. शेवटच्या काही फेऱ्यांत कीथ कॉफमन, आमच्या जवळच्याच भागातला, पुढच्या गाडीच्या शेपटीला लागला. मी बाकावर उभा राहून मराठीत ओरडत होतो, ‘आपला आहे, आपला आहे!’ मागच्या रांगेतल्या दाढीवाल्या ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, पोरा, काय म्हणतोयस? मी सांगितलं. पुढच्या फेरीला तो माणूस ‘आप-ला! आप-ला!’ करत होता आणि त्याची बायकोसुद्धा.

त्या रात्री कोण जिंकलं ते मला आठवत नाही. खरंच नाही.

कडक चहा

आप-ला! आता क्रिकेटची मॅच बघताना हेच ओरडणार.

अनुराधा_आयोवा

अहाहा, धागा बघून लॉगइन केलं, किती महिन्यांनी!

आम्ही डी मॉइनजवळ असतो. नवरा ट्रॅक्टरच्या कंपनीत, पुण्याहून इकडे पाठवलेला. इथून तासाभरावर नॉक्सव्हिल. गाव एवढंसं, चारी बाजूंना मका. पण १९६१ पासून दर ऑगस्टात तिथे स्प्रिंट कारच्या ‘नॅशनल्स’ शर्यती भरतात आणि जत्रेच्या दिवसांसारखं गावात गावापेक्षा जास्त माणूस होतं. लोकांच्या अंगणात तंबू, शाळेच्या मैदानात गाड्या. ट्रॅकला लागूनच स्प्रिंट कारचं संग्रहालय आहे. डॉनी शॅट्झ हा ड्रायव्हर तिथे ११ वेळा जिंकलाय, किन्सर १२ वेळा.

मी लातूरची. पहिल्यांदा गेले ते केवळ नवऱ्याच्या साहेबांनी बोलावलं म्हणून, नाक मुरडतच. संध्याकाळी पाच वाजता टँकर आला आणि त्यानं ट्रॅकवर पाणी मारायला सुरुवात केली. नॉक्सव्हिलची माती काळी आहे. रोहिण्यांनंतर शेतात पहिला पाऊस पडला की जो वास यायचा, तो. मका, काळी माती, भिजलेली ढेकळं. मी खुर्चीत गप्प बसले. साहेबांच्या बायकोला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

म्हणजे माझं उत्तर ‘वास’. लहानपणचा नियम मी मोडला का? वास तर लहानपणचाच आहे.

चिखल्या

नियम मुळीच मोडला नाही. पण माती आमचीच चांगली. आमची लालसर चिकणमाती जीन्सवरून तीन धुण्यांत जात नाही.

अनुराधा_आयोवा

हे भूषण आहे?

मेलबर्नची मावशी

तुम्ही सगळे अमेरिकावाले असं लिहिता जणू जगात दुसरीकडे माती नाही. आमच्या व्हिक्टोरियात वॉरनांबूलला १९७३ पासून ग्रँड अ‍ॅन्युअल क्लासिक नावाची स्प्रिंट कारची शर्यत होते, जानेवारीत, तीन रात्री. इकडे तेव्हा उन्हाळा, तिकडे तुम्ही बर्फ उपसत असता, म्हणून अमेरिकन ड्रायव्हर इकडे पळून येतात. इथला गॅरी रश दहा वेळा ऑस्ट्रेलियाचा विजेता. नोंद घ्या.

माझा भाचा दहा वर्षांचा असताना पुण्याहून सुट्टीला आला होता, त्याला नेलं. शर्यत संपल्यावर लोकांना गाड्या ठेवतात तिथे आत जाता येतं. हेल्मेटच्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात. चिखलानं काच झाकली की ड्रायव्हर एक पापुद्रा खेचून फेकतो, कांद्याची सालं काढावीत तसा. एका ड्रायव्हरनं शेवटचा उरलेला काढून भाच्याच्या हातात दिला. त्यानं तो पासपोर्टच्या पाकिटात घालून नेला. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? तर म्हणाला, ‘चिखल.’ परदेशी माती आणायची नसते, जप्त झाला. पोरगं मुंबई ते पुणे टॅक्सीत रडत होतं. आज तो गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो.

शुभदा

सगळं वाचतेय, मजा येतेय. पण एक विचारू का? भीती नाही वाटत? २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॅनंडेग्वाला गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत गेलेला वीस वर्षांचा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीची धडक बसून गेला, ती बातमी मी तेव्हा पाहिली होती. लहान मुलांना असल्या ठिकाणी न्यावं का?

टॉर्कवाला

प्रश्न रास्त आहे. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नियम कडक झाले: आग लागलेली नसेल तर मदतनीस येईपर्यंत गाडीतच बसायचं. मानेला धरून ठेवणारे पट्टे, दोन्ही बाजूंनी डोकं धरणाऱ्या सीटा, हे सगळं आलं. पण मिथेनॉलची ज्वाला उजेडात दिसत नाही, गाडी उलटली की सात-आठ कोलांट्या सहज. धोका शून्य आहे असं सांगणारा खोटं बोलतो.

उंधियू_प्रेमी

मध्येच एक अवांतर. धागा वाचून नकाशा उघडला तर हॅरिसबर्गच्या खाली चक्क ‘बीएपीएस मोटर स्पीडवे’! न्यू जर्सीत राहतो, अक्षरधामला नेहमी जातो. आपल्या स्वामीनारायण संस्थेनं रेस ट्रॅक कधी काढला??

कडक चहा

आरती झाल्यावर तीन फेऱ्या. प्रदक्षिणाच ती.

प्रतिनाना

प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेनं असते. हे उलटे फिरतात. धर्मबाह्य.

चिखल्या

नाना :) उंधियूभाई, ते गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानाचं नाव आहे हो. यॉर्क हेवनचा जुना ट्रॅक, त्याला दिलेलं. माझे निम्मे गुजराती मित्र यावरून फसलेत.

शुभदाताई, तुमचं आणि उंधियूभाईंचं उत्तर एकाच जागी आहे. त्याच ट्रॅकवर २०१८ मध्ये ग्रेग हॉडनेट गेला. मूळचा टेनेसीचा, मेम्फिसचा. आउटलॉमध्ये फिरून मग आमच्याकडे राहिला, आणि इतका राहिला की तो पॉसीचाच झाला. दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला आमच्या भागात सहजी कुणी आपलं म्हणत नाही, मला माहीत आहे. त्याला म्हणाले. बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो, उठून गाडीत जाऊन बसलो. मुलीला त्यानंतर वर्षभर नेलं नाही. मग तीच म्हणाली, बाबा, या शुक्रवारी जाऊ या का? मी काय सांगणार होतो? नेलं. अपघात होऊन शर्यत थांबवणारं लाल निशाण पडलं की पाच हजार माणसं एकदम गप्प होतात आणि ड्रायव्हरचा हात वर दिसेपर्यंत तशीच राहतात. त्या शांततेत तिनं माझी बाही धरलेली असते. हे बरोबर की चूक, मला ठरवता आलेलं नाही.

शुभदा

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार.

घाटाचा राजा

आमच्याकडं गाडा उधळून माणसात घुसतो तेव्हा अशीच शांतता होते. निवेदक पण गप्प होतो.

ऋजुता

चिखल्या, ‘कारण नंतर सांगतो’ म्हणाला होतात. आठवडाभर डोक्यात का घोळतंय? आम्ही विसरलेलो नाही.

चिखल्या

हो हो, सांगतो.

आई-बाबा २०११ ला कोथरूडला परत गेले. बाबांबद्दल मी वर फारसं लिहिलेलं नाही, लक्षात आलं का? कारण ते ट्रॅकवर यायचे ते केवळ गाडी चालवायला, असं त्यांचं म्हणणं. सोबत पेपर न्यायचे. शर्यत चालू असताना तोंडासमोर धरायचे. ‘पेट्रोलची नासाडी’ म्हणायचे. मी सांगायचो, बाबा, मिथेनॉल. ते म्हणायचे, ‘त्याची नासाडी.’ फ्रेड राहमर नावाचा एक ड्रायव्हर होता. निम्मे लोक त्याला बघायला यायचे आणि निम्मे हुर्यो उडवायला. तो आला की बाबांचा पेपर थोडा खाली यायचा. बस, तेवढंच.

मागच्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन. थेट अमेरिकेत. म्हणाले, काका एकटेच असतात, बोलायला संकोच वाटतो, पण दर शनिवारी पहाटे पाचला तुमच्या फ्लॅटमधून मिक्सरचा आवाज येतो. तासन्‌तास. काकांची तब्येत बरी आहे ना? इतकं काय वाटतात?

तिकडचा शनिवार पहाट म्हणजे इकडचा शुक्रवार रात्र.

बाबांना फोन केला. आधी म्हणाले, खालच्या मजल्यावरचा मिक्सर असेल. मग म्हणाले, नातीनं मागच्या वर्षी टॅबवर लावून दिलं होतं, ते बंद कसं करायचं कळत नाही. मग जरा थांबून, ‘तो हॉडनेट गेल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वळणात कुणी नीट वरून, बाहेरच्या कडेनं येत नाही रे. सगळे खालूनच.’

बाबांचं वय ८१. आई गेल्यापासून पहाटे उठून काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

अनुराधा_आयोवा

.......

मेलबर्नची मावशी

पेपर थोडा खाली यायचा! अगं बाई. आमच्या अण्णांचं क्रिकेटच्या बाबतीत अगदी हेच.

प्रतिनाना

उत्सुकता म्हणून काल रात्री या शर्यतींचा एक व्हिडिओ उघडला. तीन तास गेले. सौ. विचारून गेल्या, झोपायचं नाही का? डावीकडे वळताना पुढचं डावं चाक हवेत असतं, हे टॉर्कवाल्यांनी सांगितलं नव्हतं.

माझे वडील एसटीत, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. शनिवारी मी डबा घेऊन जायचो. दुरुस्त केलेलं इंजिन चालवून बघायचे तेव्हा ते मला हाक मारायचे, ‘ये, ऐक.’ तीन-चार मिस्त्री डोळे मिटून उभे. एखादा मान हलवायचा, म्हणजे पुन्हा खोलायचं. मला कधीही फरक कळला नाही, पण मीसुद्धा डोळे मिटायचो.

माझं उत्तर: आवाज. तेल्याच्या बैलाबद्दलचे शब्द मागे.

टॉर्कवाला

नाना, तुम्ही आमच्यातलेच निघालात.

घाटाचा राजा

बैलाचे शब्द मागं घ्यायचे असतील तर बैलाकडं माफी मागा.

उंधियू_प्रेमी

चिखल्याभाई, काकांना चांगले हेडफोन घेऊन द्या. सोसायटी पण खूश.

चिखल्या

पाठवले, परवाच मिळाले. लावून बघितले. म्हणाले, ‘ऐकू येतं, पण घुमत नाही.’ काढून ठेवलेत.

कडक चहा

मग सेक्रेटरीला चिवडा पाठवा.